रंगभूषेची स्वस्त पेटी आणि डॉक्टरांचे कपाट

वैशाखात बेळगावची चित्ररथ मिरवणूक पार पडली, की पुढचे चार-पाच दिवस माझ्या दवाखान्यात सुजलेले चेहरे येऊ लागतात. कुणाचे डोळे लालबुंद झालेले असतात, कुणाच्या गालांवर पुरळ उठलेले असते, तर कुणाच्या ओठांभोवतीची कातडी सोलवटलेली असते. बहुतेक रुग्ण दहा ते अठरा वर्षांचे. आदल्या रात्री यांतलाच कुणी बाजीप्रभू असतो, कुणी अफझलखान, कुणी जखमी मावळा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभ्या केलेल्या देखाव्यात रात्रभर एकाच आविर्भावात उभे राहिलेले हे कलाकार असतात. निपाणी आणि खानापूर भागातील जत्रांमधून गावकरी मंडळी जी ऐतिहासिक व सामाजिक नाटके बसवतात, त्यांच्यानंतरही थोड्या प्रमाणात हेच दृश्य दिसते.

चौकशी केली की साहित्याची यादी समोर येते. दारे-खिडक्यांचा ऑइल पेंट, शाळेचे पोस्टर कलर, खोबरेल तेलात कालवलेला गुलाल, चौकटी रंगवण्याची चंदेरी पूड, आणि दाढी चिकटवायला दोन थेंबांत काहीही जोडणारा डिंक. काढायला पूर्वी रॉकेल असे; आता थिनर किंवा पेट्रोल. मंडळाच्या कार्यकर्त्याला यावर काही बोलावे, तर उत्तर ठरलेले असते : "काय होत न्हाई ओ डॉक्टर, दरवर्षी हेच लावतोय की आम्ही." होते, ते आम्हांला दिसते. सूज आठवड्यात उतरते. परंतु आपल्या गव्हाळ व सावळ्या त्वचेवर दाहानंतर उमटलेले काळे डाग कित्येक महिने जात नाहीत. दहावी-बारावीच्या वयात चेहऱ्यावर असे डाग घेऊन वावरणे काय असते, हे त्या मुलांच्या आयांना विचारावे.

मंडळांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. ट्रॅक्टर, रोषणाई, ध्वनिव्यवस्था आणि पोशाख यांचा खर्च भागवल्यावर चेहऱ्यासाठी हाती फारसे उरत नाही. परदेशी बनावटीच्या व्यावसायिक रंगपेट्यांच्या किमती ऐकून कार्यकर्ते मागे फिरतात आणि रंगाच्या दुकानाची पायरी चढतात. या दोहोंच्या मध्ये एक वाट आहे. सुरक्षित रंगपेटी माफक खर्चात तयार होते, आणि तिच्यातील निम्म्याहून अधिक वस्तू आपल्या, म्हणजे डॉक्टरांच्या, औषधांच्या कपाटात आधीच असतात. आमच्या गल्लीतील मुलांसाठी मी जी पेटी भरतो, तिचा खर्च गेल्या खेपेस दोन-अडीच हजार रुपयांच्या आत बसला आणि वीस-बावीस चेहरे तिच्यावर निघाले. ती पेटी कशी भरावी, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख.

जुन्या पेटीतील विषे

हा भाग नाटकवेडा आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा, आणि त्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आणले. त्या काळच्या रंगभूषेविषयी जुन्या माणसांच्या तोंडून सफेदा, हिंगूळ, हरताळ, मुरदाडशिंग, शेंदूर, पिवडी, काव, काजळ अशी नावे ऐकू येत. ही नावे कानाला गोड लागतात. रसायनशास्त्राच्या भाषेत मात्र ती वेगळी वाटतात. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचा सल्फाइड. हरताळ म्हणजे आर्सेनिकचा सल्फाइड. मुरदाडशिंग आणि शेंदूर ही दोन्ही शिशाची ऑक्साइडे. 'सफेदा' या एकाच नावाखाली जस्ताचे निरुपद्रवी ऑक्साइडही विकले जाई आणि शिशाचे विषारी कार्बोनेटही. केरळातील कथकलीच्या परंपरागत रंगांतही मनयोला व चायिल्यम् या नावांनी हरताळ आणि हिंगूळच वापरात होते.

याचे परिणाम इतरत्र नोंदले गेले आहेत. जपानमध्ये १८८७ साली सम्राटांसमोर झालेल्या काबुकी प्रयोगात नाकामुरा फुकुसुके या नटाचा पाय थरथरू लागला, आणि त्याचे कारण चेहऱ्याला वर्षानुवर्षे लावलेल्या शिसेयुक्त पांढऱ्या रंगात सापडले. त्यानंतर तेथे शिसेविरहित सफेद्याचा शोध सुरू झाला. जर्मनीत लुडविग लाइश्नर या गायक-नटाने त्याआधीच, १८७३ साली, बर्लिनमध्ये शिसेविरहित तेलकट रंगकांड्यांचा कारखाना काढला होता. रंगभूमीवरील मंडळींनी स्वतःच्याच कातडीच्या काळजीपोटी हा उद्योग उभा केला, ही गोष्ट मला विशेष वाटते.

आज भारतात सौंदर्यप्रसाधनांना रंग देण्यासाठी शिसे वा आर्सेनिक यांची संयुगे वापरण्यास कायद्याने मनाई आहे. परंतु दारे रंगवण्याचा पेंट, मिरवणुकीचा गुलाल किंवा पूजेचा शेंदूर हे सौंदर्यप्रसाधन म्हणून विकलेच जात नाहीत. ते चेहऱ्यावर लावणारा माणूस त्या कायद्याच्या संरक्षणाबाहेर स्वतःहून पडतो. जुन्या यादीतील पिवडी आणि काव मात्र मुळात लोहाची ऑक्साइडे. आजच्या उत्तमोत्तम फाउंडेशनमध्येही तीच असतात, फक्त शुद्ध केलेली. किराणा दुकानातला गेरू तसा शुद्ध नसतो, म्हणून तो नको. प्रसाधनासाठीच विकली जाणारी लोह ऑक्साइडची पूड घ्यावी. ती थोडी पुरते.

काय विकत घ्यावे

काटकसर कुठे करावी आणि कुठे करू नये, हे आधी ठरवावे. डोळ्याला, ओठाला व सरळ त्वचेला लागणारा रंग विकतच घ्यावा, आणि तो चेहऱ्यासाठी बनवलेलाच असावा. पांढरा, काळा, लाल, पिवळा आणि निळा असे पाच मूळ रंग असलेली एक छोटी पेटी पुरे. बावीस रंगांची पेटी घेण्याचा मोह आवरावा. तपकिरी, हिरवा, जांभळा हे या पाचांतून होतात, आणि रंग मिसळता मिसळता हाताला नजर येते. पॅनस्टिकच्या दोन छटा घ्याव्यात, एक गव्हाळ व एक सावळी. गोऱ्या कातडीसाठी बनवलेली फिकट छटा आपल्याकडच्या चेहऱ्यावर राखेसारखी दिसते, आणि हल्लीच्या निळसर एलईडी झोतात तर प्रेतकळाच येते. म्हणून रंग निवडताना आणि लावल्यावर ज्या दिव्यात प्रयोग होणार, त्याच दिव्यात चेहरा पाहावा. पूर्वी गॅसबत्तीच्या पिवळ्या उजेडात जो लाल उठून दिसे, तो आता दिसत नाही.

दाढी-मिशांसाठी क्रेप केस आणि स्पिरिट गम ही विकतच घ्यायची आणखी दोन साधने. स्पिरिट गम म्हणजे मद्यार्कात विरघळवलेली राळ. राळेची अॅलर्जी पुष्कळांना असते, म्हणून दोन दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूस थेंबभर लावून पाहावा. झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट डिंक मात्र पेटीत ठेवूच नये. कापसाशी किंवा सुती धाग्याशी त्याचा संबंध आला, की एवढी उष्णता निर्माण होते की कातडी भाजते. कापसाची पांढरी दाढी या डिंकाने चिकटवण्याचा उद्योग किती धोक्याचा आहे, हे यावरून ध्यानात यावे.

रबराचे द्रव लॅटेक्स सुरकुत्या आणि जखमांसाठी फार प्रभावी. आपल्यासारख्या हौशी मंडळींनी त्याच्या वाटेला शक्यतो जाऊ नये, असे माझे मत. त्यात टिकाऊपणासाठी अमोनिया असतो, त्याची वाफ डोळ्यांना झोंबते, आणि लॅटेक्सच्या अॅलर्जीने क्वचित श्वास कोंडण्यापर्यंत मजल जाते. फुगा फुगवताना किंवा रबरी हातमोजे घातल्यावर खाज येते का, केळे वा पपई खाल्ल्यावर तोंडाला खाज सुटते का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय कुणाच्याही चेहऱ्यावर ते लावू नये. भुवया व पापण्यांवर तर कदापि नाही. काढताना केसही सोबत येतात.

औषधांच्या कपाटातून

आता आपल्या कपाटाकडे वळू. झिंक ऑक्साइड, कॅलमाइन, पांढरी पेट्रोलियम जेली, लिक्विड पॅराफिन, ग्लिसरीन, कागदी चिकटपट्टी, गॉज, कापूस, लाकडी जीभदाबण्या, रिकाम्या कॅप्सूल, स्पिरिट. ही यादी औषधालयाची की रंगपटाची, हे ओळखणे अवघड आहे.

कॅलमाइन म्हणजे लोहाच्या ऑक्साइडने गुलाबी केलेले झिंक ऑक्साइड. तेलकट त्वचेच्या मुलाला त्याचा पातळ थर लावून वाळू दिला, की वरचा रंग घामाने लवकर ओघळत नाही. सफेद चेहरा हवा असेल, विदूषकाचा, भुताचा किंवा दशावतारी पद्धतीचा, तर चार भाग पेट्रोलियम जेली व एक भाग मधमाशीचे मेण मंद आचेवर वितळवून त्यात मावेल तेवढे झिंक ऑक्साइड घोटावे. त्यातच लोह ऑक्साइडची चिमूट घातली, की हव्या त्या वर्णाचा लेप तयार होतो. तेच मेण व जेली समान घेऊन त्यात कॉर्नफ्लोर मळले, तर नाकाला उंचवटा देण्यासाठी किंवा खोल वार दाखवण्यासाठी मऊ मेण मिळते. व्यावसायिक रंगभूषाकार यासारखेच मेण वापरतात. त्यांचे अधिक टिकते, एवढेच.

सर्वांत उपयोगी वस्तू मात्र जिलेटिन. आपल्यापैकी ज्येष्ठ मंडळींना उन्ना पेस्ट आठवत असेल. पॉल गेर्सन उन्ना या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा, जिलेटिन, ग्लिसरीन, झिंक ऑक्साइड आणि पाणी यांचा तो लेप पायाच्या जुनाट व्रणांवर आपण लावत असू. त्यातून झिंक ऑक्साइड वगळले, की चित्रपटातल्या कृत्रिम जखमांचे साहित्य उरते! जिलेटिनची पूड, ग्लिसरीन व पाणी समान मापाने घ्यावे. पूड वीस मिनिटे भिजू द्यावी, मग भांडे गरम पाण्यात ठेवून मिश्रण विरघळवावे. उकळू देऊ नये. खाण्याचा रंग व किंचित कोको घालून ते तेल लावलेल्या स्टीलच्या ताटात ओतावे. थंड झाले की कातडीसारखा लवचीक पापुद्रा निघतो. त्याला जीभदाबणीने चीर पाडली की वार, वरून खरवडले की खरचटणे, वाटोळे फुगे केले की भाजल्याचे फोड. पापुद्रा पूर्ण थंड झाल्यावरच चेहऱ्यावर चिकटवावा. गरम मिश्रण सरळ त्वचेवर ओतण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. मी ती लहान मुलांवर होऊ देत नाही.

दोन अडचणी सांगायला हव्यात. जिलेटिन उष्णतेने पाघळते, म्हणून वैशाखातल्या गर्दीत व दिव्यांसमोर ते दोन तासांहून अधिक टिकेल याची खात्री नाही. देखावा मिरवणुकीत पुढे सरकण्याच्या थोडे आधी लावावे. दुसरी अडचण सोवळ्याची. जिलेटिन प्राणिज असते. आपल्या भागात शाकाहारी कुटुंबे पुष्कळ. ओठांजवळ लावण्यापूर्वी मुलाला व घरच्यांना सांगून टाकावे. चायना ग्रासचा पर्याय सुचवला जातो, पण तो ठिसूळ होतो. त्यांच्यासाठी मैद्याची शिजवलेली खळ आणि टिश्यू पेपरचे थर हा उत्तम उपाय. कागद फाडून खळीत चिकटवत गेले, वाळल्यावर कडा उचलल्या आणि आत लाल-काळा रंग भरला, की भाजलेली कातडी हुबेहूब दिसते. खर्च जवळजवळ शून्य.

रक्त

रक्ताशिवाय चित्ररथ पूर्ण होत नाही, आणि खोटे रक्त पाहून सर्वांत आधी हसतात ते डॉक्टर. गुलालाचे रक्त गुलाबी दिसते, आणि त्यात पुष्कळदा कापडाचे रंग असतात, जे ना त्वचेसाठी बनलेले ना डोळ्यांसाठी. साखरेच्या पाकाचे रक्त दिसते छान. पण रात्रभर उभ्या असलेल्या मावळ्याच्या अंगावर मुंग्या चढतात.

माझी कृती अशी : पाव वाटी पाण्यात एक चमचा कॉर्नफ्लोर शिजवून घ्यावे, थंड झाल्यावर अर्धी वाटी ग्लिसरीन, खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कॉफी घालावी. ताजे रक्त हवे तर कॉफी कमी, जुने हवे तर जास्त. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवते, त्यामुळे हे रक्त पहाटेपर्यंत ओले दिसते. गुठळ्या हव्यात तर वरच्या जिलेटिनचा गाळ कुस्करून मिसळावा. कपड्यांवर सांडायचे असल्यास थोडा द्रव साबण घातला की डाग सुटायला मदत होते, पण ते रक्त तोंडात जाता कामा नये. अमेरिकेतील नामवंत रंगभूषाकार डिक स्मिथ यांच्या प्रसिद्ध कृतीत छायाचित्रे धुण्याचे एक रसायन असे, आणि म्हणून तोंडासाठीचे रक्त निराळे ठेवावे लागे. तोच नियम आपणही पाळावा. तोंडातून रक्त यायचे असेल, तर रिकाम्या कॅप्सूलमध्ये बिटाची पूड भरून नटाने ती ऐन वेळी दातांखाली फोडावी. आधीपासून तोंडात धरली तर विरघळते, आणि लहान मुलांना ती देऊ नये, घशात अडकण्याची भीती असते.

ग्लिसरीन औषधी प्रतीचेच, औषधांच्या दुकानातून पावतीसह घ्यावे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्णांचा बळी घेतला, आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली, हे आपल्या पिढीला विसरता येणार नाही. डब्यातून सुटे मिळणारे औद्योगिक ग्लिसरीन स्वस्त असले, तरी ओठांवर लागणाऱ्या वस्तूत त्याला जागा नाही.

जखम कशी दिसते

येथे आपण मंडळांना फुकट देऊ शकतो असे काही आहे, ते म्हणजे आपले निरीक्षण. तलवारीच्या वाराच्या कडा स्वच्छ असतात आणि जखमेचे टोक निमुळते होत जाते. बोथट आघाताने फाटलेल्या जखमेच्या कडा वेड्यावाकड्या असतात, व तळाशी ऊतींचे धागे ताणलेले दिसतात. लाठीच्या फटक्याने दोन समांतर लाल रेषा उठतात, मधली जागा फिकट राहते. आमच्याकडील एका नाटकात सासूने मारलेल्या सुनेच्या गालावर त्याच अंकात पिवळा-हिरवा डाग पाहून प्रेक्षागृहातील डॉक्टरांची रांग खुदखुदली होती. मुका मार आधी लाल, मग निळा-जांभळा, मग हिरवट आणि शेवटी पिवळा होतो; १९९१ साली लँग्लोइस व ग्रेशॅम यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार पिवळी छटा १८ तासांच्या आत दिसत नाही. दिग्दर्शकाला विचारावे : मारून किती वेळ झाला?

'एकच प्याला'तील सुधाकर रंगवताना गालांवर काळे फासण्यापेक्षा डोळ्यांखालची सूज, गालफडांचा फुगीरपणा आणि तळहातांचा लालसरपणा दाखवला, तर मद्यपी यकृत डॉक्टरांनाही ओळखू येईल. वार्धक्य रंगवताना काळ्या रेघा ओढू नयेत. नटाला कपाळाला आठ्या घालायला सांगून त्याच्याच सुरकुत्यांत तपकिरी छटा भरावी आणि शेजारच्या उंचवट्यावर फिकट. 'नटसम्राट'चे आप्पा बेलवलकर १९७० साली प्रथम उभे करणारे डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते. वैद्यक आणि रंगभूमी यांचे नाते आपल्याकडे असे घरचे आहे.

फ्रान्समध्ये हे नाते उलट दिशेने जुळले. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातील लायेर नावाच्या डॉक्टरांना ज्यूल बारेता हा कागदाच्या लगद्याची फळे बनवणारा कारागीर भेटला, आणि त्यांनी त्याच्याकडून त्वचारोगांचे मेणाचे नमुने करवून घेतले. आज त्या रुग्णालयाच्या संग्रहालयात असे साडेचार हजारांहून अधिक नमुने आहेत. प्रथमोपचार व आपत्ती-सरावाच्या वर्गांत आज ज्या कृत्रिम जखमा रंगवतात, त्यांना 'मुलाज' हा फ्रेंच शब्द त्याच कलेवरून चिकटला. चित्ररथासाठी भरलेली पेटी वर्षाचे उरलेले अकरा महिने अशा वर्गांसाठी कामाला येते, हे सहज जाता जाता सांगतो. शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या 'सैरंध्री'तील कीचकवध १९२० साली इतका खरा वाटला, की प्रेक्षकांतील स्त्रियांना मूर्च्छा आली आणि ते दृश्य कापावे लागले, असे सांगतात. आपल्याकडच्या मूर्तिकारांच्या हातांतही तेच कसब आहे.

साचा घेताना

मूर्तिकारांवरून आठवले. कापलेला हात किंवा तुटलेले बोट दाखवण्यासाठी साचा घ्यावा लागतो, आणि गणेशमूर्तींमुळे प्लास्टर ऑफ पॅरिस हाताशी असते. हात सरळ त्या प्लास्टरच्या बादलीत कधीही बुडवू नये. प्लास्टर घट्ट होताना तापते, जाड थरात ६० अंशांपर्यंत, आणि हात आतच अडकतो. इंग्लंडमधील एका शाळेत २००७ साली कलेच्या तासाला असा साचा घेणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला बहुतेक सर्व बोटे गमवावी लागली. अस्थिरोगतज्ज्ञ प्लास्टर लावताना खाली कापूस का घालतात, हे येथे कुणाला समजावून सांगायला नको.

यासाठी आपल्या दंतवैद्य सहकाऱ्यांना साकडे घालावे. दातांचे माप घेण्याचे अल्जिनेट थंड पाण्यात कालवतात, ते काही मिनिटांत रबरासारखे घट्ट होते आणि बोट सहज बाहेर येते. त्या पोकळीत मग प्लास्टर किंवा मेण ओतावे. वापराची मुदत नुकतीच संपलेली पाकिटे दवाखान्यात असतील, तर बोटांच्या साच्यासाठी ती चालतात. चेहऱ्याचा साचा मात्र हौशी मंडळींनी घेऊ नये. नाकपुड्या बंद होण्याचा धोका पत्करण्याएवढे कुठलेही नाटक मोठे नाही.

चंदेरी मुले

अलीकडे पुतळ्यासारखी दिसावीत म्हणून मुलांना डोक्यापासून पायापर्यंत चंदेरी किंवा सोनेरी रंगवण्याची टूम निघाली आहे. चंदेरी पूड म्हणजे बहुधा अॅल्युमिनियमचा भुगा, आणि सोनेरी म्हणजे पितळेचा. १९३८ साली हॉलिवूडमध्ये 'द विझार्ड ऑफ ऑझ'च्या चित्रीकरणात पत्र्याच्या माणसाची भूमिका करणाऱ्या बडी एब्सेन या नटाच्या चेहऱ्यावर अॅल्युमिनियमची पूड लावत. काही दिवसांतच त्याला श्वास घेता येईना, रुग्णालयात ठेवावे लागले, आणि भूमिका दुसऱ्या नटाकडे गेली. दुसऱ्यासाठी पूड न वापरता लेप वापरला गेला.

सर्वांग रंगवल्याने त्वचेचा 'श्वास' कोंडून माणूस मरतो, ही समजूत खोटी आहे; माणूस फुप्फुसांनीच श्वास घेतो. परंतु घामाला अटकाव होऊन शरीर तापू शकते, आणि वैशाखात, दिव्यांच्या झोतात, जड पोशाखाखाली उभ्या असलेल्या मुलाच्या बाबतीत ही चिंता खरी आहे. चंदेरी दिसायचेच असेल तर चेहरा, मान आणि हात एवढेच, तेही चेहऱ्यासाठी बनवलेल्या रंगाने रंगवावे, बाकी अंगावर त्याच रंगाचे सुती कापड. दर अर्ध्या तासाने पाणी, आणि ट्रॉलीवर एक पर्यायी मुलगा. पर्यायी मुलाची सूचना मंडळांना आधी हास्यास्पद वाटते. मिरवणूक रेंगाळली की पटते.

लावणे, काढणे, ठेवणे

रंगभूषेआधी प्रत्येक मुलाला एकच प्रश्न विचारतो : चेहऱ्याला रोज कुठले क्रीम लावतोस? उजळपणासाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या क्रीममध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असते. महिनोन्महिने ते लावून कातडी पातळ झालेली असते, आणि अशा चेहऱ्यावर उत्तम रंगही आग करतो. त्याला दाढी-मिशीची भूमिका देऊ नये, शिरस्त्राण व शेल्यावर भागवावे. नायटा, ओठावरील नागीण किंवा आलेले डोळे असतील, तर त्या मुलाची साधने वेगळी.

वीस चेहऱ्यांना एकच स्पंज फिरवला, की रंगासोबत जंतूही वाटले जातात. स्पंज विकत घेऊन कापावा, प्रत्येकाला एक तुकडा, नंतर टाकून द्यावा. रंग डबीतून बोटाने न घेता जीभदाबणीने स्टीलच्या ताटलीत काढावा. एकदा काढलेला पुन्हा डबीत घालू नये. ब्रश साबणाने धुऊन, स्पिरिटमध्ये बुडवून, पूर्ण वाळवून ठेवावेत.

काढायला लिक्विड पॅराफिन किंवा खोबरेल तेल. भरपूर लावून दोन मिनिटे थांबावे, मऊ कापडाने टिपावे, मग सौम्य साबण व पाणी, शेवटी पेट्रोलियम जेली. स्पिरिट गम कडेपासून तेल मुरवत काढावा, ओढू नये. मिरवणूक पहाटे संपते, मुले पेंगुळलेली असतात, आणि नेमके तेव्हाच कुणीतरी थिनरची बाटली काढतो. म्हणून तेलाची बाटली, कापडाच्या चिंध्या व साबण यांचे एक वेगळे पुडके बांधून ते ट्रॅक्टरचालकाच्या आसनाखाली ठेवायला मी सांगतो. रंग डोळ्यात गेला तर नळाच्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धरावे आणि मग डॉक्टर गाठावा, हा क्रम उलटा करू नये.

पेटी म्हणून पत्र्याची जुनी औषधपेटी उत्तम. झाकणाच्या आत एक कागद चिकटवावा, त्यावर प्रत्येक वस्तू उघडल्याची तारीख लिहावी. घरी केलेले लेप शीतकपाटात महिनाभर, रक्त आठवडाभर. वास बदलला की टाकून द्यावे. विकतचे तेलकट रंग झाकण घट्ट असेल तर पुढच्या वैशाखापर्यंत सहज टिकतात. काजळाची पेन्सिल मात्र पेटीत ठेवायची नाही, ती ज्याची त्याला घरी न्यायला सांगायची.